विशेष चिन्ह कोणाचं?

भुसावळ जंक्शनवरून एक मार्ग बुऱ्हाणपूर-खंडव्याकडे जातो, दुसरा वऱ्हाडातून नागपूरला. बुऱ्हाणपूर आणि वऱ्हाड, दोन्ही नावांत ‘ऱ्ह’ आहे. इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने गाड्यांच्या वेळा दाखवणारं पान करायला घेतलं, की वारंवार लागणारा कोड तो एडिटरमध्ये स्निपेट म्हणून साठवतो. दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबला, की अख्खा तुकडा हजर.

पहिली ठेच लागते ती $ पाशी. पीएचपीत प्रत्येक व्हेरिएबलच्या आधी $ लागतो. व्हीएस कोड या एडिटरच्या स्निपेटमध्ये मात्र $ ही कर्सर कुठे थांबवायचा याची खूण. त्यामुळे नाव उमटतं, पण $ गळून पडतो. त्याला \ लावून एस्केप करावं लागतं. त्यात स्निपेटची फाइल जेसनची, आणि जेसनमध्येही \ ला वेगळा अर्थ, म्हणून प्रत्यक्षात लिहायचं \\$. किचकट आहे खरं, पण हा नियम लिहून ठेवलेला आहे आणि चूक लगेच दिसते.

‘ऱ्ह’ची चूक दिसतच नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: ०९३१ क्रमांकाचा ऱ, हलन्त आणि ह; किंवा साधा र, हलन्त, झीरो-विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य चिन्ह आणि ह. दुसरी रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतल्या मजकुरासाठी चालू ठेवलेली आहे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण थेट तुलना करणाऱ्या कोडला ते वेगवेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. स्निपेटमध्ये एका रीतीचं बुऱ्हाणपूर आणि डेटाबेसमध्ये दुसऱ्या रीतीचं असेल, तर प्रवाशाने नाव अचूक लिहूनही पान सांगणार, गाडी नाही.

कोणतं चिन्ह विशेष, हे साधन घडवणारा आपल्या गरजेप्रमाणे ठरवतो. त्याला $ अडला, म्हणून $ ची वाट त्याने काढून ठेवली. आपला ‘ऱ्ह’ त्याला कधी अडलाच नाही, त्याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल. आणि ती स्निपेटमध्येच घ्यायला हवी, कारण तिथली एक चूक शंभर फायलींत उतरते.

म्हणून मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरला विनंती: इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ मिळतो. स्निपेटमध्ये तोच वापरा, आणि बाहेरून येणारा मजकूर साठवण्याआधी त्याच एका रूपात आणा.