झाकली मूठ कुणापुढे उघडावी

मार्च 2025 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात एका वयोवृद्ध दांपत्याने आयुष्य संपवलं. त्यांची नावं तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांत छापून आली. इथे ती पुन्हा लिहायची गरज नाही. आजोबांनी ऐंशी ओलांडलेली, आजी ऐंशीच्या उंबरठ्यावर. दिल्लीहून दूरसंचार खात्यातून बोलतोय असं सांगून कुणीतरी फोन केला. तुमच्या नावावर सिमकार्ड घेऊन गैरप्रकार झालेत म्हणाला आणि फोन दुसऱ्या ‘अधिकाऱ्या’कडे दिला. त्याने मालमत्तेचा आणि पैशाअडक्याचा सगळा तपशील विचारून घेतला, कारवाईची भीती घातली आणि पन्नास लाखांहून अधिक रुपये उकळले. सोनं तारण ठेवून कर्ज काढलं गेलं, ओळखीच्यांकडून हातउसने घेतले गेले. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत आजोबांनी त्या उसनवारीचा उल्लेख करून दागिने विकून ती फेडा, असं लिहिलं होतं. इतकी सचोटीची माणसं!

ही बातमी वाचल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. बँकेत ठेव किती, सोनं किती, जमीन कुठे, हे आपण सख्ख्या भावापुढेही सहसा बोलत नाही. ते सगळं त्या घरातून कधीही न पाहिलेल्या माणसाला कळलं. आणि ‘असा असा फोन येतोय, काय करू?’ हे चार घरं पलीकडे सांगण्याजोगं होतं, ते आतच राहिलं.

भामट्यांची सगळी मदार या उलथापालथीवर असते. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जो प्रकार चालतो त्यात व्हिडिओ कॉल बंद करू देत नाहीत. चौकशी गोपनीय आहे, घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही आत टाकू, अशी धमकी देतात. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी विजापूरच्या एका माणसाला आलेला असा फोन देशाला ऐकवला होता. म्हणजे माहिती सगळीकडे पोहोचली होती. तरी पाच महिन्यांनी आपल्या तालुक्यात हे घडलं. माहिती होती, पण त्या घडीला शेजारी बसणारं माणूस नव्हतं.

त्या दोघांच्या मनात काय होतं हे आपण ठरवू नये. पण फसलेला माणूस गप्प का बसतो, हे लोंढ्यासारख्या गावात राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी स्टेशनवर बोललेलं दुपारपर्यंत बाजारात आणि संध्याकाळपर्यंत रेल्वे क्वार्टर्समध्ये पोहोचतं. पूर्वी डब्यांवर आरक्षणाचे तक्ते चिकटवलेले असत: नाव, वय, कुठून कुठवर. आपला बर्थ बघता बघता आपण दुसऱ्यांची नावंही वाचायचो, अमकीची लेक एकटीच कशी पुण्याला निघाली म्हणून चर्चाही करायचो. 2018 पासून रेल्वेने मोठ्या स्थानकांवर ते तक्ते लावणं बंद करायला घेतलं, तेही कागद वाचवण्यासाठी. दुसऱ्याचं वाचायची सवय मात्र आपल्यात उरलीच. आता ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर भागवली जाते. कुणाचा दवाखान्याचा रिपोर्ट, कुणाच्या मुलीचा बायोडेटा फोन नंबरसकट, कुणाची ‘मला फसवलं’ अशी रडवेली ऑडिओ क्लिप. पुढे ढकलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतंही. पण ज्याची ती क्लिप असते, तो पुन्हा कुणाजवळ तोंड उघडत नाही, आणि ते बघणारी आणखी दहा माणसं मनाशी ठरवतात की आपलं काही झालं तर बोलायचं नाही.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. मराठी शाळेत शिकलेल्या मावशीला बँकेचा मेसेज येतो इंग्रजीत, सरकारी कागद येतो कन्नडमध्ये, फोनवरचा ‘साहेब’ बोलतो हिंदीत. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाले की नाही हे बघायला ती मोबाइल दुसऱ्याच्या हातात देते. पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात एटीएम कार्ड, त्याच्यामागे घडी घातलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर पेनाने लिहिलेला चार आकडी पिन. ‘बाळा, तूच बघ रे, मला कुठलं कळतंय,’ असं म्हणत ती सगळंच पुढे करते. तिला सावध राहा म्हणून सांगणं सोपं आहे. पण जे वाचता येत नाही त्याचं रक्षण ती एकटी कसं करणार? आपल्या भाषेत कागद मिळावेत ही इथली जुनी मागणी आहे, तिच्याकडे या बाजूनेही पाहायला हवं. तोवर जबाबदारी त्या ‘बाळा’वर येते. मेसेज वाचून दाखवावा, चिठ्ठी तिच्यासमोर फाडून पिन बदलून द्यावा, शिल्लक किती ते हळू आवाजात सांगावं आणि तिथून निघाल्यावर विसरून जावं. आधारची प्रत द्यायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत काढून द्यावी. आधारमधल्या बोटांच्या ठशांना ‘लॉक’ लावून द्यावं. 2023 मध्ये आपल्याच कर्नाटकात जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे चोरून खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार उघडकीला आले होते. म्हणजे ओटीपी कुणाला न सांगणारा माणूसही नागवला जातो.

कायदे आहेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं. 2023 मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कंपन्यांनी माहिती कशी घ्यावी, कशी सांभाळावी हे त्यात आहे. पण एखाद्याने स्वतःच्या घरगुती, व्यक्तिगत कामासाठी दुसऱ्याची माहिती वापरली तर हा कायदा तिथे लागू होत नाही, आणि ते योग्यच आहे. सरकारने घरात डोकावू नये. त्यामुळे पुतण्याने आत्याच्या खात्याबद्दल काय बोलावं, मैत्रिणीने मैत्रिणीचा फोटो कुठे पाठवावा, हे ठरवायला आपल्या सद्सद्विवेकाशिवाय दुसरं कुणी नाही.

आणि भामटे कुठून तरी लांबून येतात अशी समजूत करून घेण्यातही अर्थ नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगावात आझमनगर भागात पोलिसांनी एका बनावट कॉल सेंटरवर छापा घातला. तिथे बसून अमेरिकेतल्या लोकांना गंडवलं जात होतं. तीसहून अधिक जणांना अटक झाली. तिकडच्या एखाद्या आजीचं नाव, नंबर, काय खरेदी केलं, हे कुणीतरी विकलेलं, कुणीतरी घेतलेलं, आणि समोरच्या कागदावरून तिला घाबरवणारा आवाज एखाद्या पगारी पोराचा. इतरांची माहिती म्हणजे नुसता माल, हे त्या पोरांच्या मनात एका दिवसात उतरलेलं नसणार.

पैसे गेले की पहिले काही तास मोलाचे असतात. 1930 या सायबर मदतक्रमांकावर लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात पोहोचलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. उशीर झाला की ती या खात्यातून त्या खात्यात पळत राहते. हे तास वाया जातात ते बहुधा लाजेपायी. म्हणून अशा वेळी कुणी आपल्याकडे आलं, तर ‘एवढं शिकून फसलात कसे?’ हा प्रश्न गिळावा. पाणी द्यावं, फोन लावून द्यावा, त्यांच्या शब्दांत तक्रार लिहून घ्यावी, बँकेत आणि पोलीस ठाण्यात सोबत जावं. बेळगावपर्यंत जावं लागलं तर एक दिवस मोडावा. आणि परतल्यावर स्टेशनबाहेर कुणी विचारलंच, दोघं मिळून कुठे गेला होता, तर बेळगावला काम होतं, एवढंच सांगावं.