प्रारब्ध कुणी कुणाला सांगावे?

प्रारब्ध हा शब्द आपणा वारकऱ्यांच्या जिभेवर सहज येतो. स्वतःचे दुःख सोसताना तो कामाचा आहे. त्याने कुरकूर मिटते, नामाला जागा होते. पण तोच शब्द दुसऱ्याच्या दारात उभे राहून उच्चारावा काय?

हा प्रश्न पडला तो नागपुरात. 22 सप्टेंबर 2023 ला घरोघरी महालक्ष्म्यांचे जेवण झाले आणि त्याच रात्री चार तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. माणसे दगावली, सुमारे दहा हजार घरांना फटका बसल्याचे सरकारनेच सांगितले. पाणी ओसरल्यावर अंबाझरी लेआऊटमधून मी पायी गेलो. दारोदार चिखलाने जड झालेल्या गाद्या, फुगलेली कपाटे, दोरीवर वाळत घातलेल्या पोथ्या. एका ओट्यावर महालक्ष्म्यांचे मुखवटे पुसून उन्हात ठेवलेले. चिखल लोटणाऱ्या बाईंना एक माळकरी गृहस्थ म्हणाले, "ज्याचं त्याचं प्रारब्ध असते, बाई!" बाई बोलल्या नाहीत. खराटा तेवढा थांबला.

शास्त्र काय म्हणते पाहा. देव कुणाला सुख देतो, कुणाला दुःख. मग तो पक्षपाती नि निर्दय नव्हे काय, ही शंका ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात घेतली आहे. तिथे शंकराचार्यांनी दृष्टांत दिला तोही पावसाचाच! पाऊस सर्वांना सारखा. साळ उगवते की जव, हा भेद बीजाचा. म्हणजे कर्माची गोष्ट काढली ती देवावरचा आळ फेडण्यासाठी. शेजाऱ्यावर आळ घालण्याचा परवाना त्यात कुठे आहे? त्याचे संचित वाचायला चित्रगुप्ताची वही आपल्यापाशी थोडीच आहे!

15 जानेवारी 1934 ला बिहारात भूकंप झाला, तेव्हा गांधीजी त्याला अस्पृश्यतेच्या पापाचा दंड म्हणाले. रवींद्रनाथांनी उघड हरकत घेतली. गांधीजी 'आपले पाप' म्हणत होते, 'त्यांचे' नव्हे, हा फरक मी मानतो. तरी मन रवींद्रनाथांकडेच झुकते. ज्यांना कुणी शिवत नव्हते, त्यांच्याही झोपड्या त्या हादऱ्यात गेल्याच की!

आणि कर्म मागल्या जन्मीचेच, हे तरी कुणी सांगितले? क्रियमाण हेही कर्मच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून निजलेली किल्लारी-सास्तूरकडची माणसे मेली ती बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती नि वरचे माळवद अंगावर येऊन. नागपुरात तलावाखाली पाण्याच्या वाटेवर बांधकामे झाली. पूरग्रस्तांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दाद मागितली ती याच बीजाबद्दल. काही भाविकांना ही कोर्टकचेरी देवाच्या इच्छेविरुद्ध वाटते. मला मात्र त्यात अधर्म दिसत नाही.