वर्तुळातले वाक्य आणि काळ

डेनी व्हिलनव्ह यांच्या ‘अरायव्हल’ (२०१६) या विज्ञानपटातील परग्रहवासी सप्तपाद जीव काचेसारख्या पडद्यापलीकडच्या धुक्यात शाईसदृश द्रव सोडून वर्तुळाकार चिन्हे उमटवतात; त्या वर्तुळाला आरंभ नाही, शेवटही नाही, आणि सबंध वाक्य एकाच वेळी उभे राहते. ही लिपी आत्मसात करता करता भाषाशास्त्रज्ञ लुईझ बँक्स हिला पुढचे आयुष्य, मुलीच्या मृत्यूसह, आधीच दिसू लागते. यामागे भाषाशास्त्रज्ञ सपीर व व्होर्फ यांच्या नावाने ओळखले जाणारे भाषासापेक्षतेचे गृहीतक, म्हणजे भाषा विचाराला वळण लावते हे मत, आहे. त्याचे टोकाचे रूप मात्र आजचे भाषाशास्त्र स्वीकारत नाही.

सबंध वाक्य एकाच वेळी उभे राहते म्हणजे काय, हा खरा गहन प्रश्न प्राचीन भारतीय व्याकरणतत्त्वज्ञ भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीय’ या ग्रंथापाशी नेतो. वाक्य हा अखंड स्फोट, म्हणजे एकदम उजळणारा अर्थ, असून ध्वनींचा क्रम ही केवळ त्याच्या प्रकटीकरणाची वाट होय, असे तो मानतो. माणसाला मात्र त्या वाटेनेच अर्थापर्यंत जावे लागते. चित्रपट ही वाटच काढून घेतो. क्रमच नाहीसा होऊन पुढचेही आधीच दिसत असेल, तर मग निवडीला जागा कुठे उरते? सारे ठाऊक असूनही लुईझ मुलीला जन्म देते, आणि जाणतेपणी दिलेला हा होकार स्वतंत्र कर्मच मानावा लागतो.