किमान रकमेचें समाधान

कर्ज फेडणें हें कर्तव्य आहे, याविषयीं सहसा कोणी वाद घालीत नाहीं. परंतु तें कर्तव्य किती रकमेनें पुरें होतें, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाहीं. कारण त्याचें उत्तर दरमहा आयतेंच घरीं येतें. क्रेडिट कार्डाच्या हिशेबपत्रकांत एकूण बाकीच्या शेजारीं ‘किमान देय रक्कम’ दिलेली असते. ती वेळेवर भरली कीं दंड टळतो आणि मनहि निर्धास्त होतें. हें समाधान कितपत खरें आहे, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हिशेब पाहूं. कार्डावर १,००,००० रुपये बाकी, व्याज दरमहा साडेतीन टक्के आणि किमान रक्कम व्याजासह बाकीच्या पांच टक्के, असें धरूं. नवी खरेदी नाहीं. व्याजावरील करहि सोडून देऊं. पहिल्या महिन्यांत ३,५०० रुपये व्याज चढतें, आपण ५,१७५ रुपये भरतों, आणि बाकी घटते ती अवघी १,६७५ रुपयांनीं. या रीतीनें ती निम्मी होण्यास ४१ महिने लागतात. तोंवर दीड लाखांहून अधिक रुपये भरून झालेले असतात.

अशा वेळीं ही बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर नेण्याचा, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफरचा, मार्ग पुढें येतो. समजा, त्या बँकेनें दोन टक्के शुल्क घेऊन सहा महिन्यांपुरता दरमहा एक टक्का दर दिला. सवलत खरीच आहे. परंतु १,०२,००० रुपयांवर येथेंहि पांच टक्केच भरीत गेल्यास सहा महिन्यांअखेर सुमारें ७९,६०० रुपये उरतात, आणि त्यांवर पुन्हां चढा दर सुरू होतो. मुदतींत कर्ज संपवावयाचें तर दरमहा सुमारें १७,६०० रुपये भरले पाहिजेत. बँक मात्र पहिल्या महिन्यास ५,१५१ च मागते. या दोन आंकड्यांमध्यें जें अंतर आहे, तेंच आमच्या विचाराचा विषय होय.

कोणी म्हणेल, करारानें मागितलें तेवढें दिलें. मग दोष कोठें? यांत तथ्य आहे. ज्याच्या घरीं दुखणें आलें, ज्याची नोकरी गेली, त्यास किमान रक्कम ही मोठीच सवड आहे. त्याला नीतीचे पाठ देणें निर्दयपणाचें होईल. कायद्यानेंहि ऋणकोस अगदींच वाऱ्यावर सोडलेलें नाहीं. मुंबई इलाख्यांत चालणाऱ्या दामदुपटीच्या नियमानें हिंदु ऋणकोकडून एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नसे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्यानंतर १८७९ सालीं शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. २०२२ सालीं रिझर्व्ह बँकेनेंहि असे निर्देश दिले कीं, किमान रक्कम भरूनहि बाकी वाढत जाईल अशा अटी नसाव्यात, आणि तेवढीच भरल्यास फेड लांबते, ही सूचना पत्रकावर असावी. पण कायदा धनकोस आवर घालूं शकतो. ऋणकोच्या वतीनें निश्चय करूं शकत नाहीं.

ज्यास अधिक देतां येतें, त्याची गोष्ट निराळी. किमान रक्कम ही धनकोनें आंखलेली रेषा आहे. कर्ज जितकें रेंगाळेल, तितकें त्याचें व्याज अधिक. त्या रेषेवर थांबून ‘आमचें कर्तव्य झालें’ असें म्हणणें म्हणजे आपल्या सदसद्विवेकाचा तराजू त्याच्या हातीं देणें होय. म्हणून बाकी हलविण्याच्या दिवशींच शुल्कासह रक्कम सवलतीच्या महिन्यांनीं भागावी, तींत थोडें व्याज मिळवावें, आणि तो आंकडा पतिपत्नींनीं एकत्र बसून पाहावा. झेपत असेल तर तोच आपला हप्ता. झेपत नसेल, तर कर्ज फिटत नसून केवळ घर बदलीत आहे, हें निदान एकमेकांपासून लपवूं नये. आमच्या मतें फेडीचा प्रारंभ या कबुलीपासूनच होतो.