दोष जिभेचा की कालवणाचा?



"आज कालवणात मीठच नाही!" जेवताना आपल्यापैकी कोणीतरी म्हणतो आणि रांधणारीचा चेहरा उतरतो. पण चूक खरोखर कालवणाचीच असते का?

आपल्या जिभेला मुख्यत्वे पाच चवी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि सुकटीच्या कालवणात लागते ती, जपानी शास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ साली नाव दिलेली 'उमामी'. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, तो बहुतांशी वासच असतो. घास चावताना तो घशामागून नाकात पोहोचतो. नाक दाबून बडीशेप चघळून पाहा. नाक सोडल्यावरच तिचा स्वाद कळेल. म्हणूनच सर्दीत जेवण बेचव लागते. वाढत्या वयात वास कमी येतो, काही औषधांनी तोंड कडवट होते. २०२० साली सुरू झालेल्या कोरोनाच्या साथीत अनेकांचा वास गेला. काहींना तर बरे झाल्यावरही कांदा-लसूण कित्येक महिने कुजल्यासारखे लागत होते.

मग खोटे कोण? म्हातारे वडील 'अळणी' म्हणतात, तेव्हा त्यांना खरेच तसे लागते. सूनही मीठ विसरलेली नसते. दोघेही खरे असून घरात भांडण होते, कारण आपल्या जिभेला लागले तेच अन्नात आहे, असे आपण धरून चालतो.

माणसांविषयीही आपण असेच बोलून मोकळे होत नाही काय? नावे ठेवण्याआधी शेजारच्याला एकदा विचारू या, "तुला कसे लागले?" आणि वडिलांच्या ताटात आणखी मिठाऐवजी प्रेमाने लिंबाची फोड वाढू या.