लेकीचे नाव कोणासाठी?

बारशाला कीर्तनकार आला की लोक त्याला नाव विचारतात. सुलतानपूरच्या बाजूला पूर्वी पंचांग उघडून नक्षत्राच्या चरणाचे अक्षर तेवढे विचारीत. आता मोबाइलवरची यादीच पुढे येते. हे नाव कानाला गोड, ह्याचा अर्थ चांगला, ह्याचे मूळ संस्कृत. महाराज, कोणते ठेवावे? प्रश्न दिसतो साधा, पण साधा नाही.

नाद आणि अर्थ यांचा विचार शास्त्रकारांनी केलेला आहे. पारस्कर गृह्यसूत्र म्हणते, मुलीच्या नावाची अक्षरे विषम असावीत, शेवटी आकार असावा. मनूच्या मते ते उच्चारायला सुखाचे, उघड अर्थाचे, मंगल असावे. चरणाक्षराचे मात्र फार मनावर घेऊ नये. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ येतो. ‘ण’ने सुरू होणारे नाव आणावे कुठून?

मुळाची चिकित्सा करणारांनी आधी आपल्या गावाची पाटी वाचावी. ‘सुलतान’ अरबी, ‘पूर’ संस्कृत. दोघे सुखाने एकत्र नांदतात. कोणी ‘मायरा’चे मूळ संस्कृत सांगतो, पण अमरकोशात तो शब्द नाही. खोटे मूळ सांगू नये, एवढेच. नाव त्याने वाईट होत नाही.

खरी अडचण अर्थाची आहे. शंका अशी की, अर्थाप्रमाणे फळ मिळते काय? आपल्याच जिल्ह्यातले मेहुणाराजा हे चोखोबांचे जन्मस्थान मानतात. चोखा म्हणजे शुद्ध. त्यांच्या बहिणीचे नाव निर्मळा. बहीणभावांच्या नावात एवढी शुद्धता, तरी जगाने त्यांचा विटाळ मानला, देवळात पाऊल ठेवू दिले नाही. मग नावाच्या अर्थाने केले काय? जग सुधारले नाही हे खरे. पण घरात आईने मारलेली हाक खरी होती. खोटे ठरले ते जग.

आता दुसरी बाजू पाहा. मुले जगत नसली की आपल्याकडे पोराला धोंडू, दगडू, केरबा म्हणत, पोरीला धोंडाबाई. शब्द ओबडधोबड, पण त्यामागे आईचा जीव गोळा झालेला. मृत्यूने नाव ऐकावे आणि माघारी फिरावे! तसाच एक शब्द ‘नकोशी’. मुलीवर मुली झाल्या, आता तरी मुलगा व्हावा, म्हणून ठेवलेला. धोंडूत लेकरू राहावे ही आस आहे, नकोशीत ते आलेच कशाला हा बोल आहे. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरात जिल्हा परिषदेने अशा सुमारे २८५ मुलींचे नव्याने नामकरण केले. कित्येकींनी नावे स्वतः निवडली. काहींनी तर सिनेमातल्या नट्यांची. कोणी नाक मुरडील. मला त्यात गैर दिसत नाही. जिला जन्मापासून नको म्हटले, तिने एकदा तरी आपल्याला हवे ते घ्यावे.

आम्ही कीर्तनकार अजामिळाची कथा सांगतो. त्याने अंतकाळी मुलाला ‘नारायणा’ म्हणून हाक मारली आणि यमदूत परतले. म्हणून लेकरांना देवाची, तीर्थांची नावे ठेवा, हाकेहाकेला नामस्मरण घडेल. हे ठीकच आहे. तुकोबारायांच्या लेकीही काशी, भागीरथी आणि गंगा. पण सज्जनहो, त्या कथेत फळ मिळाले कोणाला? हाक मारणाऱ्याला. ज्याला हाक मारली त्या पोराचे काय, याची आपण कधी विचारपूस केली नाही. नाव ही वस्तूच अशी, की जिची ती तिने थोडी वापरायची आणि लोकांनी जन्मभर. ‘नकोशी, पाणी आण’ म्हणताना घर तिला रोज काय ऐकवीत होते, ते मनात आणून पाहा.

म्हणून यादी पुढे आली की मी एवढेच विचारतो. पोर सात वर्षांची होईल आणि म्हणेल, ‘आजी, माझं हे नाव का ठेवलं?’ तेव्हा तिच्या डोळ्यांत बघून सांगता येईल असे उत्तर जवळ आहे काय? असेल तर मुक्ता ठेवा, निर्मळा ठेवा, नाहीतर मायरा ठेवा.

आणि तुमच्या दिंडीत, भावकीत कोणी नकोशी असेल, तर तिला कोणते नाव आवडते ते आजच विचारा आणि त्याच नावाने हाक मारा. कागदोपत्रीही राजपत्रात प्रसिद्ध करून नाव बदलता येते. कचेरीत खेटे घालावे लागतील. तिच्याबरोबर घरचे कोणीतरी जा.