विचारलेली वाट

आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. मेट्रो २०१७ साली सुरू झाली, तरी अमीरपेट स्थानकात मी अजून दरवेळी परगावचीच असते. तिथे लाल आणि निळी मार्गिका एकमेकींना भेटतात. बाण आहेत, पाट्या आहेत, पण गर्दीत बावरलेला माणूस पाटीला नाही, माणसालाच विचारतो.

गेल्या खेपेला एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं. नऊवारी, हातात औषधांची पिशवी. फोनवरचं माझं मराठी ऐकून थांबली असावी. "माय, एमजीबीएसले कोणती गाडी जाते वं?" तिथून तिला गावाकडची बस धरायची होती. मला नक्की ठाऊक नव्हतं. पण तिनं आपलं माणूस समजून विचारलेलं. "मलाही माहीत नाही" म्हणायला जीभ वळेना. समोर गाडी लागली होती. "हीच," मी म्हटलं. दार मिटलं आणि मग मी पाटी वाचली : मियापूर. एमजीबीएस एल. बी. नगरच्या दिशेला, अगदी उलट.

मी खोटं बोलले का? सत्यव्रत टिकावं म्हणून आपल्याकडे पाच भावना सांगितल्यात. त्यांत क्रोध, लोभ, भय आणि थट्टा, ही चार सोडायची. मी रागात नव्हते, मला काही मिळवायचं नव्हतं, भीती नव्हती, चेष्टा तर नव्हतीच. उलट कणव होती. मग सुटले म्हणायचं? पण पाचवी उरतेच : अनुवीचिभाषण, म्हणजे विचार करून बोलणं. मी तिथंच अडकले.

चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचं, ती ईर्यासमिती. तिच्या लगेच मागून भाषासमिती येते. हा क्रम मला नुसता पाठांतराचा वाटायचा. आता वाटतं, वाट सांगणारा दुसऱ्याच्या पायांनी चालत असतो. न बघता पाऊल टाकलं मी, फरफट झाली तिची.

नणंद म्हणाली, "इतका कीस काढला तर कुणी कुणाला मदतच करणार नाही." तसं नाही. "मला माहीत नाही, चला, दोघी मिळून विचारू," ही मदतच होती. दोन मिनिटं गेली असती, आणि माझा जाणतेपणाचा तोरा.

तिला बस मिळाली का, कळायला मार्ग नाही. प्रतिक्रमणात 'मिच्छामि दुक्कडं' म्हणताना ते मिटणारं दार दिसतं. क्षमा मागावी, तर तिचं नावही मी विचारलं नव्हतं.